आंगिक आणि इतिहास : चंद्रलेखा यांची रंगदृष्टी

भरतनाट्यमच्या शिक्षणाचा आरंभ बहुधा नंदिकेश्वराच्या 'अभिनयदर्पणा'तील ध्यानश्लोकाने होतो. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक या चारही अभिनयांची प्रतिष्ठापना त्यात शिवाच्या ठायी केलेली आहे. चंद्रलेखा (१९२८-२००६) यांनी १९८५ साली आपल्या रचनेला 'आंगिक' हे नाव दिले, तेव्हा या चौकडीतील एकच पद त्यांनी उचलले. उरलेल्या तिघांना त्यांनी रंगमंचावरून क्रमाक्रमाने निरोप दिला. अलंकारांचा भार गेला, कथा गेली, देवदेवता गेल्या आणि अखेरीस चेहऱ्यावरील भावदर्शनही जवळजवळ मावळले. त्यांच्या कारकिर्दीचे वर्णन 'परंपरेचे आधुनिकीकरण' अशा सैल शब्दांत नेहमी केले जाते. वस्तुतः ती एक चिकाटीने केलेली वजाबाकी आहे. आणि या वजाबाकीत काय गळले व काय उरले, हाच त्यांच्या रंगदृष्टीच्या मूल्यमापनातील कळीचा प्रश्न आहे.

त्यांचा जन्म महाराष्ट्रातील वाडा येथे, गुजराती कुटुंबात झाला. कायद्याचे शिक्षण अर्धवट टाकून त्या मद्रासला गेल्या आणि कांचीपुरम एल्लप्पा पिळ्ळै या परंपरागत नट्टुवनारांकडे नृत्य शिकल्या. १९५२ मधील त्यांच्या अरंगेत्रमची हकिगत त्यांच्याविषयीच्या प्रत्येक लेखनात येते. कार्यक्रम रायलसीमेतील दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी होता, आणि यमुनेच्या तुडुंब पाण्याचा अभिनय करीत असताना पाण्यासाठी ताटकळणाऱ्या माणसांची छायाचित्रे त्यांच्या डोळ्यांपुढे आली. या प्रसंगाला मतपरिवर्तनाच्या कथेचे रूप देण्याचा मोह समीक्षकांना आवरत नाही. परंतु लक्षात घ्यायला हवे ते हे, की चंद्रलेखांनी पुढे दुष्काळाला रंगमंचावर आणले नाही. सामाजिक विषयावर नृत्य बसवण्याची जी सोपी वाट त्या काळी उपलब्ध होती, ती त्यांनी घेतली नाही. 'देवदासी' आणि 'नवग्रह' या रचनांनंतर त्या व्यावसायिक रंगमंचापासून दूरच राहिल्या. भित्तिपत्रके, कार्यशाळा आणि स्त्री-चळवळीतील काम यांत सदानंद मेनन यांच्यासह गुंतल्या. १९८४ साली मुंबईत झालेल्या पूर्व-पश्चिम नृत्यसंवादाच्या निमित्ताने त्या परतल्या, तेव्हा चळवळीचा आशय त्यांनी विषय म्हणून आणला नाही. तो शरीराच्या ठेवणीतच शोधला. अरंगेत्रमच्या वेळी जाणवलेली फट पाण्याऐवजी दुष्काळ दाखवून बुजणारी नव्हती. मुळात 'दाखवणे' या क्रियेविषयीच त्यांना संशय निर्माण झाला होता.

हा संशय कशाविषयीचा, हे भरतनाट्यमच्या अलीकडील इतिहासाकडे पाहिल्यावर स्पष्ट होते. देवदासींच्या सदिर नृत्याचे रूपांतर विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांपासून प्रतिष्ठित मध्यमवर्गीय कलेत झाले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ मध्ये कलाक्षेत्राची स्थापना केली; १९४७ च्या मद्रास कायद्याने देवदासी-समर्पणावर बंदी आली. कला राहिली, ती वाहणाऱ्या स्त्रिया मात्र बाजूला सारल्या गेल्या. लावणी-तमाशाच्या 'शुद्धीकरणा'चा वाद ज्या मराठी वाचकाला ठाऊक आहे, त्याला या प्रक्रियेचा चेहरा ओळखीचा वाटेल. रुक्मिणीदेवींनी शृंगाराला भक्तीचे अस्तर लावले, बालसरस्वतींनी शृंगार हाच या कलेचा प्राण असल्याचे अखेरपर्यंत ठामपणे मांडले. चंद्रलेखांची भूमिका या दोहोंहून निराळी. वाट पाहणारी, रुसणारी, देवासाठी झुरणारी नायिका शुद्ध करून घेण्यात त्यांना रस नव्हता, तिचे समर्थन करण्यातही नव्हता. ती नायिकाच त्यांनी काढून टाकली.

तिच्या जागी आली अरैमंडी : गुडघे बाहेर वळवून अर्धे बसण्याची भरतनाट्यमची मूलस्थिती. पारंपरिक प्रयोगात ही स्थिती नृत्याचे अधिष्ठान असते, पण ती स्वतः पाहण्याची वस्तू नसते. चंद्रलेखांच्या रचनेत ती दीर्घकाळ धरून ठेवली जाते, अनेक नर्तकींच्या शरीरांत एकाच वेळी ठेवली जाते, आणि त्रिकोण, चौकोन, वर्तुळ अशा आकृतींत उलगडत जाते. येथे त्यांच्यातील दिग्दर्शिका दिसते. एकल नर्तकी त्यांनी दूर सारली. कलाक्षेत्राच्या नृत्यनाट्यांतला कथानकाधिष्ठित समूहही त्यांनी स्वीकारला नाही. समूहाला पात्रांमध्ये न वाटता त्यांनी त्याला एक स्थापत्य मानले. परंपरेत मंचाच्या कडेला झांजा घेऊन बसणाऱ्या, प्रायः पुरुष असणाऱ्या, नट्टुवनाराचे स्थान एका स्त्रीने घेतले, आणि तेही तालाचे नियंत्रण करण्यासाठी नव्हे, काळाचा वेग बदलण्यासाठी. त्यांच्या प्रयोगांतील संथपणा ही या अर्थाने शैलीची लकब ठरत नाही. अभिजात नर्तकी आपले श्रम स्मितामागे लपवते. इथे मांडीचा कंप आणि श्वासाची लय प्रेक्षकाला पाहावी लागते.

'आंगिक'मध्ये भरतनाट्यम, कळरिपयट्टू आणि योगासने यांना एका रंगावकाशात आणताना या तिन्हींच्या मुळाशी शरीराची एकच आदिम भाषा आहे, असे गृहीत धरलेले आहे. रंगमंचावर हे गृहीत विलक्षण फलदायी ठरले, इतिहास म्हणून ते टिकत नाही. आजच्या भरतनाट्यमच्या अडवूंचा पाठक्रम व कच्चेरीची बांधणी यांवर एकोणिसाव्या शतकातील तंजावर चतुष्टयाचा ठसा आहे. कळरीची पुनर्बांधणी विसाव्या शतकात कोट्टक्कल कणारन गुरुक्कल आणि सी. व्ही. नारायणन नायर यांच्या प्रयत्नांतून झाली. आसनांच्या आजच्या प्रचलित रूपाला म्हैसूरच्या कृष्णम्माचार्यांनी मोठा हातभार लावला; आणि ज्याला आपण अनादी समजतो त्या सूर्यनमस्काराचा प्रसार तर औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी केला. ज्या शरीराला चंद्रलेखा इतिहासपूर्व समजतात ते असे बहुतांशी आधुनिक काळानेच घडवलेले आहे. कथा काढली की शरीर निरागस होते, हा त्यांचा विश्वास म्हणूनच तपासून घ्यावा लागतो. अरैमंडीलाही जात आहे, घराणे आहे, आणि ती कोणाकडून कोणाकडे गेली याचा हिशेब आहे. अलीकडच्या काळात डेव्हेश सोनेजी यांच्यासारख्या संशोधकांनी (२०१२) आणि परंपरागत घराण्यांतील नर्तकींनी हा हिशेब मागितला आहे. चंद्रलेखांच्या मूल्यमापनातही तो टाळता येणार नाही.

तथापि या आक्षेपाने त्यांच्या साऱ्याच रचना सारख्या बाधित होत नाहीत. 'लीलावती' (१९८९) ही त्यांतली सर्वांत प्रसन्न रचना. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील गणितग्रंथातली हंसांची, भुंग्यांची, मोर-सर्पांची कोडी तिथे नृत्याची सामग्री होतात. (भास्करांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन झाल्याचे सांगणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणचा, हे येथे सहज आठवते.) ग्रंथात 'हे बाले', 'हे मृगाक्षी' असे संबोधून प्रश्न विचारले जातात, पण जिला विचारले तिचा आवाज कोठेच ऐकू येत नाही, ती आचार्यांची कन्या असल्याची कथाही १५८७ च्या फैजीच्या फारसी भाषांतरातून रूढ झालेली. रंगमंचावर नर्तकी संख्येला आकृतीचे रूप देतात, तेव्हा त्या मूक संबोधितेला प्रथमच काहीतरी करायला मिळते. इथे रूपनिष्ठा आणि आशय यांत भांडण नाही, कारण गणित हाच दोहोंचा समान धागा आहे.

'श्री' (१९९०-९१) मात्र वेगळ्याच पातळीवरची निर्मिती. कणा वाकलेल्या स्त्रिया रंगमंचावरून सरकत जातात, हे त्यातले दृश्य चंद्रलेखांच्या एकूण कार्यातील सर्वोच्च क्षण मानावे लागेल. या स्त्रियांना नाव नाही, गोष्ट नाही, चेहऱ्यावर करुणा नाही. तरीही इतिहास आहे, कारण तो कण्यात आहे. भरतनाट्यमच्या ताठ पाठीची सवय असलेल्या प्रेक्षकाला हा वाक म्हणजे केवळ दुःखाचे चिन्ह वाटत नाही. त्या ताठपणाचीच ती उलटतपासणी असते. पुढे अनेक शरीरांतून साकारणारी बहुभुजा देवी येते, ती तुलनेने अपेक्षित. प्रतीक म्हणून ती चटकन वाचता येते, आणि चंद्रलेखा जेव्हा जेव्हा चटकन वाचता येतात तेव्हा तेव्हा त्या थोड्या उण्या पडतात. 'राग' (१९९८) मध्ये पुरुषदेहातील स्त्रीत्वाचा शोध घेताना हेच झाले. त्यावर उठलेला गदारोळ पुरुषांमधील जवळिकीमुळे होता, रचनेच्या गुणदोषांची चर्चा त्यात हरवली.

त्यांची शेवटची रचना 'शरीर' (२००१) ही बहुतेकांच्या मते त्यांच्या साधनेची परिणती. तिशानी दोशी आणि कळरीपटू शाजी जॉन या दोघांची शरीरे, गुंदेचा बंधूंचे ध्रुपद, आणि जवळजवळ थांबलेला काळ. तिची परिपूर्णता नाकारता येत नाही. पण 'श्री'मध्ये शरीराला जे वजन होते ते येथे विरळ झाले आहे. ऊर्जेला प्रतिरोध करणारे काही उरत नाही. स्त्री आणि पुरुष ही दोन तत्त्वे होतात. तत्त्वाला कणा नसतो. रुस्तुम भरुचा यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथशीर्षकात चंद्रलेखांसाठी स्त्री, नृत्य आणि प्रतिकार ही त्रयी योजली होती. 'शरीर'पर्यंत येताना यांतील तिसरे पद मागे पडलेले दिसते.

'शरीर'च्या सुमारे चाळीस वर्षे आधीच्या एका रचनेला त्यांनी 'देवदासी' असे नाव दिले होते. 'आंगिक'नंतरच्या शीर्षकांत प्राण, यंत्र, महाकाळ, श्लोक, शरीर अशी नामे येतात. सारी संस्कृत, सारी व्यक्तिनिरपेक्ष. त्या पहिल्या शब्दाकडे शीर्षकातून त्या पुन्हा परतल्या नाहीत, पण एल्लप्पा पिळ्ळैंकडून घेतलेली अरैमंडी त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.