चतुःसीमेचा ठराव

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ९ डिसेंबर १९७४ रोजी ३२६५ या एकाच क्रमांकाखाली दोन ठराव मंजूर केले. ‘अ’ भारताने मांडलेला, ‘ब’ पाकिस्तानने. विषय एकच, आपल्या भागात अण्वस्त्रमुक्त क्षेत्र उभे करण्याचा. रोख मात्र परस्परविरुद्ध, आणि आमसभेने दोन्ही स्वीकारले. मराठी वाचकाला या जोडीत आणखी एक ओढ आहे. भारताचे परराष्ट्र खाते तेव्हा यशवंतराव चव्हाणांकडे होते. दोनच महिन्यांपूर्वी, ऑक्टोबरात, ते त्यांच्याकडे आले होते. यशवंतरावांविषयी आपण बोलतो ते कृष्णाकाठाचे, मंगल कलशाचे, हिमालयाच्या मदतीला गेलेल्या सह्याद्रीचे. या ठरावाचे नाव क्वचितच निघते. वास्तविक तो सावकाश वाचण्यासारखा आहे.

त्या वर्षी १८ मे रोजी भारताने पोखरणला अणुस्फोट केला होता. त्याने त्याला शांततामय म्हटले, जगाने ते पुरते मानले नाही. पाकिस्तानने लगेच विषय आमसभेत नेला, आणि नेताना मसुदा फार हुशारीने बांधला. कारागिरी म्हणून पाहिले तर दोहोंत तोच अधिक देखणा आहे, म्हणून आधी तो वाचावा.

या भागातील राष्ट्रांनी अण्वस्त्रे न बनवण्याची ग्वाही दिली आहे आणि अणुशक्ती केवळ लोकांच्या उन्नतीसाठी वापरायचे ठरवले आहे, याची नोंद ठराव प्रथम घेतो. ही भाषा कुणाची? पोखरणनंतर नवी दिल्ली साऱ्या जगाला जे समजावत होती तीच. भारताचे बोलणे उचलून पाकिस्तानने आपल्या ठरावाच्या पायात बसवले. ते नाकारावे तर आपलाच शब्द खोटा ठरतो. त्यावर पुढची चढण येते: दक्षिण आशिया अण्वस्त्रमुक्त करण्याची कल्पना तत्त्वतः मान्य, संबंधित राष्ट्रांनी विनाविलंब बोलणी सुरू करावीत, तोवर या उद्दिष्टाला बाध येईल असे काही करू नये, महासचिवांनी बैठक बोलवावी आणि पुढच्या अधिवेशनात अहवाल द्यावा. प्रत्येक वाक्य मागच्या वाक्याचा हात धरून पुढे सरकते. कुठेही चढा सूर नाही, पोखरणचे नावही नाही.

खरी खोच बोलण्यांच्या निमंत्रणात आहे. कुणाला बोलवायचे? दक्षिण आशियातील राष्ट्रांना, आणि ज्यांना रस असेल अशा शेजारच्या ‘अण्वस्त्रे नसलेल्या’ राष्ट्रांना. हे विशेषण इतके साळसूद आहे की नजर त्यावरून घसरते. पण त्या एका विशेषणाने चीन बैठकीबाहेर राहिला. अण्वस्त्रधारी राष्ट्रांनी सहकार्य करावे अशी आशा तेवढी पुढे व्यक्त केली आहे. म्हणजे ज्याच्याकडे बॉम्ब आहे त्याच्याकडून आशा, आणि ज्याच्याकडे नाही त्याच्यावर बंधन.

आता भारताचा ठराव. त्याचा गाभा एका वाक्यात आटोपतो. आशियातील ‘योग्य त्या’ क्षेत्रात अण्वस्त्रमुक्त प्रदेश करायचा तर पुढाकार त्या क्षेत्रातील राष्ट्रांकडूनच यावा आणि तो त्या क्षेत्राची खास वैशिष्ट्ये व भौगोलिक व्याप्ती ध्यानात घेऊन यावा, एवढेच. ‘दक्षिण आशिया’ हा शब्द गाळला आहे आणि सारे मर्म त्या गाळण्यात आहे. पाकिस्तानच्या मसुद्याने जे गृहीत धरले, की क्षेत्र कुठले हे ठरलेलेच आहे, तेच भारताने उचलून पुन्हा प्रश्न म्हणून समोर ठेवले.

हा डाव आमच्याकडे कुणालाही समजावून सांगावा लागणार नाही. पिंपळगाव रेणुकाईत जमिनीचा सौदा ठरला की भोकरदनला दस्त नोंदवताना भावापेक्षा चतुःसीमा बारकाईने वाचल्या जातात. पूर्वेस कोण, उत्तरेस कुणाचा गट, बांध कुठवर, नाला कुणाच्या हद्दीत. भाव एकदा चुकला तर तेवढेच नुकसान. चतुःसीमा चुकली तर पुढच्या पिढ्या कोर्टात. भारताचा १९७४ चा ठराव हा निखळ चतुःसीमेचा ठराव आहे. आमच्या उत्तरेस कोण आहे ते आधी लिहा, मग पुढचे बोलू.

हा आग्रह धरायला यशवंतरावांइतका योग्य माणूस नव्हता. चीनकडून झालेल्या पराभवाच्या ऐन दिवसांत, नोव्हेंबर १९६२ मध्ये, ते संरक्षणमंत्री झाले, आणि १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने लोप नोरला पहिला अणुस्फोट केला तेव्हाही ते खाते त्यांच्याकडेच होते. उत्तरेची सीमा त्यांनी कागदावर नव्हे, अंगावर घेतली होती. ठरावात चीनचे नाव नाही, तरी ‘भौगोलिक व्याप्ती’ या दोन शब्दांत मला तो अनुभव ऐकू येतो.

जगातले अण्वस्त्रमुक्त क्षेत्रांचे करार शेजारी ठेवले की भारताच्या त्या एका वाक्याची किंमत कळते. लॅटिन अमेरिकेचा ट्लाटेलोल्को करार १४ फेब्रुवारी १९६७ रोजी मेक्सिकोत झाला. त्याचे शिल्पकार अल्फोन्सो गार्सिया रोब्लेस यांना पुढे १९८२ चे शांततेचे नोबेल विभागून मिळाले. त्या करारातली अंमलाची तरतूद म्हणजे मुत्सद्देगिरीचा उत्तम नमुना. सर्व राष्ट्रांनी मान्यता दिली, बाहेरच्या सत्तांनी पुरवणी करारांवर सह्या केल्या, तपासणीची व्यवस्था झाली, की करार लागू; पण एखाद्या देशाला तितके थांबायचे नसेल तर त्याने या अटी स्वतःपुरत्या सोडाव्यात. उत्साही पुढे गेले, साशंकांची दारे उघडी राहिली. ब्राझीलने १९६८ मध्येच मान्यता दिली, पण अटी न सोडल्याने तो १९९४ पर्यंत उंबऱ्यावर होता. क्युबा २००२ मध्ये आला. शांततामय अणुस्फोटांनाही त्या करारात जागा होती, ही गोष्ट पोखरणच्या संदर्भात विसरू नये. दक्षिण पॅसिफिकच्या १९८५ च्या रारोटोंगा कराराने ती जागा ठेवली नाही.

आफ्रिकेचा पेलिंडाबा करार ११ एप्रिल १९९६ रोजी कैरोत सह्यांसाठी ठेवला गेला. त्याच्या नकाशात चागोस बेटे येतात, म्हणजे अमेरिकी तळ असलेले दिएगो गार्सियाही येते. तिथे एक बारीक तळटीप आहे: सार्वभौमत्वाच्या प्रश्नाला बाधा न आणता. मॉरिशसचा हक्क, ब्रिटनचा ताबा, अमेरिकेचा तळ, साऱ्यांचा भार त्या एका ओळीवर. नकाशाची चतुःसीमा इथेही करारापेक्षा अवघड निघाली.

भारताची बाजू मला पटते, पण त्याच्या ठरावाला मी पूर्ण गुण देणार नाही. तो दार कुठे नाही हे अचूक सांगतो, पण दार कुठे आहे ते दाखवत नाही. योग्य क्षेत्र कोणते, चीनला त्यात कसे आणायचे, यावर एक अक्षर नाही. त्यामुळे पाकिस्तानला त्याच विषयाचा ठराव वर्षानुवर्षे आणता आला आणि भारत दर वेळी ‘नाही’ म्हणणारा दिसला. तत्त्व मात्र टिकले. निःशस्त्रीकरणावरच्या १९७८ च्या विशेष अधिवेशनाने आणि पुढे १९९९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण आयोगाने सर्वसंमतीने हेच लिहिले, की असे क्षेत्र त्या भागातील राष्ट्रांनी स्वेच्छेने केलेल्या व्यवस्थेवरच उभे राहावे. तोवर मे १९९८ मध्ये आधी पोखरणला आणि मग चगाईच्या डोंगरात स्फोट होऊन गेले होते.

राज्यशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या भागातील प्राध्यापकांना माझी विनंती आहे: ३२६५ ‘अ’ आणि ‘ब’ एकदा वर्गात शेजारी-शेजारी वाचून घ्या, आणि वाचताना आशियाचा नकाशा भिंतीवर असू द्या. दोन्ही मिळून एका तासात सहज होतात.