मोजलेले किती, मानलेले किती?

पहिल्या महायुद्धाची जुनी फिल्म वर्गात दाखवली की मुले हसतात. सैनिक तुरुतुरु चालतात, चित्र थरथरते, पडद्यावर रेघोट्यांचा पाऊस पडतो. पीटर जॅक्सन यांचा ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ (२०१८) हा माहितीपट पाहताना मात्र हसू येत नाही. ब्रिटनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममधील सुमारे १०० तासांच्या फिल्ममधून निवड करून तो घडवला आहे. कृष्णधवल चित्रात एकाएकी रंग भरतात आणि खंदकातील कोवळी पोरे आपल्याकडे पाहू लागतात. परिणाम विलक्षण आहे. म्हणूनच तो कसा साधला, हे तपासले पाहिजे.

संगणकाने केलेल्या कामाचे दोन भाग पडतात. पहिला दुरुस्तीचा. जुनी फिल्म आकसते, कडेची भोके झिजतात, त्यामुळे चित्र हलते. लागोपाठच्या चौकटींत भिंतीचा कोपरा किती सरकला हे संगणक मोजतो आणि चौकट तितकीच उलट सरकवतो. धुळीचा कण बहुधा एकाच चौकटीत असतो. आधीच्या व नंतरच्या चौकटी पाहून तो बुजवता येतो. येथे पुरावा फिल्ममध्येच असतो. तरीही सावधगिरी हवी, कारण एकाच चौकटीत दिसलेला उडता दगडही संगणकाला धूळ वाटू शकतो.

दुसरा भाग अनुमानाचा. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. या फिल्मचा वेग सेकंदाला साधारण १३ ते १८ चौकटी होता. चित्रपटगृहात तो २४ असतो. सैनिक तुरुतुरु चालतात ते यामुळेच. १३ च्या २४ करायच्या, तर दर सेकंदाला किमान ११ चौकटी नव्याने रचाव्या लागतात. मुलांना वहीच्या कोपऱ्यांवर चेंडूची बारा चित्रे काढायला सांगा. सहावे पान काढून घ्या आणि पाचवे व सातवे पाहून ते दुसऱ्याकडून काढून घ्या. चेंडू सरळ घरंगळत असेल तर चित्र जमेल; नेमका तेव्हाच तो भिंतीवर आपटला असेल तर चुकेल.

रंगांचे गणित याहून अवघड. त्या काळची बहुतेक फिल्म तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळी होती. तांबडे आणि काळे सारखेच उमटे. दोन संख्यांची बेरीज १० एवढेच सांगितले, तर त्या संख्या कोणत्या हे कसे ओळखणार? जॅक्सन यांनी खरे गणवेश पाहून रंग ठरवले. त्यात अभ्यास आहे, पण ते रंग फिल्ममधून निघालेले नाहीत. सैनिकांचे शब्दही ओठवाचकांनी ओळखले आणि आजच्या नटांनी उच्चारले.

माझा आक्षेप अनुमानाला नाही. विज्ञानात ते रोजच करावे लागते. पण आलेखात आपण मोजलेले बिंदू ठळक काढतो आणि त्यांना जोडणारी रेषा वेगळी दाखवतो. येथे दोन्ही एकमेकांत मिसळले आहेत. शिवाय रुंद पडद्यासाठी मूळ चित्राचा वरखालचा भाग कापला आहे, म्हणजे मोजलेले बिंदूच खोडले आहेत! आरंभ व शेवट कृष्णधवल ठेवला, ही जमेची बाजू. पण मधल्या भागात काय मूळचे आणि काय रचलेले, हे पाहणाऱ्याला कळत नाही.

चित्रपट मुलांना अवश्य दाखवा. त्याआधी ‘द बॅटल ऑफ द सॉम’ (१९१६) या फिल्ममधील दहा मिनिटे दाखवा. मग विचारा, यातले आपण काय पाहिले आणि काय मानून घेतले?