एका कुळाचा निरोप

वर्गीकरण हा विषय शाळेत बहुधा यादीसारखा शिकवला जातो. सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुळ, प्रजाती, जाती ही उतरंड पाठ झाली की धडा संपतो. यातला ‘कुळ’ हा खाना कोणी आखला, तो पुसता येतो का आणि पुसायचा तर कोणत्या पुराव्यावर, हे प्रश्न वर्गात सहसा निघत नाहीत. ते निघावेत असे ज्यांना वाटते त्यांनी ‘युरोपियन जर्नल ऑफ एंटोमॉलॉजी’मध्ये २००९ साली आलेला एक निबंध अवश्य पाहावा. वसिली ग्रेबेनिकोव्ह आणि आल्फ्रेड न्यूटन यांच्या या निबंधाचे शीर्षकच मुळी ‘गुड-बाय सिडमेनिडी’ असे सुरू होते. १८१५ पासून नावारूपाला आलेले भुंगेऱ्यांचे एक कुळ या निबंधाने मोडीत काढले. निबंध आम्हांला फार मोलाचा वाटतो, पण त्यातला एक भाग पटत नाही.

आधी या भुंगेऱ्यांची ओळख करून घेऊ. बहुतेकांची लांबी एक ते तीन मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्याच्या आसपास. डोके, छाती आणि पोट यांच्यामधल्या खाचांमुळे ते मुंगीसारखे दिसतात. कुजका पालापाचोळा, शेवाळ, सडलेले लाकूड ही त्यांची वस्तीची ठिकाणे. काही तर मुंग्यांच्या वारुळातच राहतात. त्यांच्यापैकी काहींची शिकार पाहण्यासारखी असते. पालापाचोळ्यातल्या काही माइट प्राण्यांच्या अंगावर टणक कवच असते. सेफेनियम हा भुंगेरा आपल्या खालच्या ओठावरच्या चूषकांनी असा माइट घट्ट धरतो, जबड्याने कवच खरवडून भोक पाडतो, आत पाचकरस सोडतो आणि विरघळलेले अन्न शोषून घेतो.

या भुंगेऱ्यांचे जवळचे नातेवाईक म्हणजे स्टॅफिलिनिडी हे प्रचंड कुळ. त्यातला एक सभासद आपल्या परिचयाचा आहे. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा, नारिंगी-काळ्या रंगाचा, अंगावर चिरडला गेला तर कातडीवर फोड आणणारा किडा, पिडेरस, तो याच कुळातला. त्याचे पंखकवच आखूड असते आणि पोटाचा बराच भाग उघडा राहतो. ‘आखूड पंखकवच’ हीच या कुळाची ढोबळ खूण. सिडमेनिडींचे पंखकवच मात्र पोट पुरते झाकते. म्हणून कुळ वेगळे, असा हिशोब दीर्घकाळ चालला.

निबंधाचे खरे बळ हा हिशोब तपासण्यात आहे. लेखकांनी एका ठळक खुणेवर विसंबून न राहता प्रौढ आणि अळी या दोन्ही अवस्थांची अनेक लक्षणे एकत्र मांडली आणि त्यांवरून वंशवृक्ष काढला. त्यात सिडमेनिडींची फांदी स्टॅफिलिनिडींच्या शेजारी न येता त्यांच्या आतच आली. ज्या गटात पिडेरस येतो आणि खालचा ओठ झटक्याने पुढे फेकून शिकार पकडणारा स्टेनस येतो, त्याच गटात. अळीची दखल घेतली हे आम्हांला विशेष आवडले. एकाच प्राण्याच्या दोन अवस्था म्हणजे नात्याविषयीचे दोन साक्षीदार. त्यांतला एक न तपासताच निकाल देणे बरे नव्हे.

आत सापडल्याने काय बिघडते? समजा, एका घराण्यात पाच भाऊ आहेत. त्यांतल्या एका भावाच्या नातवांची चेहरेपट्टी वेगळी म्हणून त्यांना वगळले आणि उरलेल्यांनाच ‘घराणे’ म्हटले, तर ती वंशावळ खोटी ठरेल. पक्षी वगळून ‘सरपटणारे प्राणी’ म्हणताना आपण हेच करतो. मगरीचे नाते पालीपेक्षा चिमणीशी जवळचे आहे. विली हेनिग या कीटकशास्त्रज्ञाने १९५० साली मांडलेला आग्रह हाच होता: गट करायचा तर एका पूर्वजाचा सगळा वंश त्यात घ्यावा.

येथवर आम्ही लेखकांशी सहमत आहोत. आमचा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. सिडमेनिडींना उपकुळाचा दर्जा देऊन, त्यांच्या साडेचार हजारांहून अधिक जाती मिळवल्यावर स्टॅफिलिनिडींची संख्या ५५ हजारांच्या वर गेली आणि सोंडकिड्यांना मागे टाकून हे प्राणिसृष्टीतले सर्वांत मोठे कुळ झाले, असा हिशोब त्यांनी मांडला. हा विक्रम निसर्गात घडलेला नाही, कागदावर घडला आहे. कोण कोणाच्या वंशातला, हे पुराव्याने खरे-खोटे करता येते. पण त्या फांदीला कुळ म्हणावे की उपकुळ, हा सोयीचा निर्णय असतो. स्टॅफिलिनिडींचे तुकडे करून अनेक लहान कुळे केली असती, तरी हेनिगचा नियम पाळला गेला असता. रूढ नाव टिकवण्यासाठी लेखकांनी निवडलेली वाट आम्हांलाही व्यवहार्य वाटते. मात्र निवड ही निवड म्हणूनच सांगावी. तिच्यातून निघालेल्या आकड्याला निसर्गनियमाचा मान देऊ नये.

एक इशारा या भुंगेऱ्यांच्या आहाराबद्दल. ‘कवचधारी माइटचे खास शिकारी’ असे वर्णन साऱ्या गटाला सरसकट लावले जाते. प्रत्यक्ष निरीक्षणे मात्र मोजक्या जातींचीच होती. नंतरच्या प्रयोगांत सिडमेनस प्रजातीतल्या काही जाती मऊ अंगाचे स्प्रिंगटेल, इतकेच नव्हे तर मेलेले कीटकही खाताना आढळल्या. चार जातींवरून चार हजारांचे वर्णन करण्याची सवय मोडायला हे उदाहरण चांगले आहे.

निबंधाचा मूळ निष्कर्ष मात्र टिकला. पुढे डीएनएवर आधारलेल्या अभ्यासांनीही या भुंगेऱ्यांना स्टॅफिलिनिडींतच ठेवले. शिवाय मेलेल्या प्राण्यांवर जगणारे सिल्फिडी हे जुने कुळही त्याच वंशात ओढले गेले. त्याआधी, १९९५ साली, सेलाफिडी या आणखी एका चिमुकल्या शिकाऱ्यांच्या कुळाचे असेच उपकुळ झाले होते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. पिडेरस, सिडमेनस आणि एखादा सिल्फिड यांची चित्रे मुलांपुढे ठेवून गट पाडायला सांगा. मुले पंखकवच पाहून गट पाडतील, आणि तसे करण्यात काही गैर नाही. शास्त्रज्ञांनीही तेच केले होते. मग वंशवृक्ष दाखवा आणि दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: यांचे नाते काय? आणि यांची कुळे किती? पहिल्याचे उत्तर पुराव्यात शोधायचे असते, दुसऱ्याचे आपण मिळून ठरवायचे असते. हा फरक ज्याला उमगला, त्याला ती उतरंड पाठ नसली तरी वर्गीकरण समजले असे आम्ही म्हणू.