विनय आणि दायित्व
विनयाची परिणती शरणागतीत झाली, की शरण जाणाऱ्याने आपल्या कृतीचे दायित्व कोणाकडे सोपवावे, हा प्रश्न ख्रिस्ती भक्तिवाङ्मयात वारंवार उभा राहतो. मूळचे वैष्णव असलेले तमिळ कवी एच. ए. कृष्ण पिळ्ळै यांनी १८५८ मध्ये मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईत, बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९४ च्या ‘रक्षण्य यात्रिकम्’मध्ये त्यांनी बनियनच्या रूपककथेला तमिळ महाकाव्याचे रूप दिले. त्या कथेत क्रुसापाशी यात्रिकाच्या पाठीवरचे ओझे गळून पडते. पुढची वाट मात्र त्याची त्यालाच चालावी लागते.

मराठीत हे सत्य लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त रूपकावाचून अवतरते. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई लगोलग त्यांच्यामागे गेल्या नाहीत. मनातील सोवळेओवळे पारखून, १९०० मध्ये, त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. आपली भीती व भाबडेपणा त्या हसत सांगतात, परंतु या निर्णयाचा भार पतीवर टाकीत नाहीत. स्वतःला हसणारा हा विनय आत्मावहेलना नव्हे. महाकाव्यात उदात्त भासणारे तत्त्व येथे घरगुती गद्यात कसाला लागते, आणि उतरते.