अजगर, खिमा आणि 'कॅचिंग फायर'

रिचर्ड रँगम यांचं 'कॅचिंग फायर' (2009) वाचलं नसेल तर जरूर वाचा, पण हातात पेन्सिल घेऊन. मांसाहारानं माणूस घडला असं आपण ऐकत आलोय. रँगम म्हणतात, नुसतं मांस पुरत नाही, शिजवणं हवं. सुमारे 19 लाख वर्षांपूर्वी होमो इरेक्टस आला, दात लहान झाले, मेंदू वाढला. म्हणजे अन्न मऊ झालं होतं, म्हणजे चूल पेटली होती.

शरीरावरून आगीचा अंदाज बांधायला हरकत नाही. अडचण तारखांची आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेतली राख आणि जळकी हाडं सुमारे 10 लाख वर्षांपूर्वीची. मग मधली नऊ लाख वर्षं? उत्तर ठरलेलं: राख टिकत नाही. आपल्या बीडकडच्या माणसाला हे पटतं. ऊसतोड टोळी कोप्या मोडून निघाली की तीन काळे दगड उरतात, राख पहिल्या पावसात जाते. पण पुरावा का मिळत नाही हे सांगणं म्हणजे पुरावा देणं नव्हे. व्हायवाला इथंच धरतात.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. अजगरांवरच्या ज्या प्रयोगाचा (2007) रँगम आधार घेतात, तो नीट बघा. मांस शिजवून दिल्यावर पचनाचा खर्च 12.7 टक्क्यांनी घटला. कच्च्या मांसाचा नुसता खिमा करून दिल्यावर 12.4. दोन्ही केल्यावर 23.4. म्हणजे निम्मं काम कापण्या-कुटण्याचं, आणि पुस्तकाच्या नावात मात्र एकटी आग! 2016 मध्ये झिंक आणि लीबरमन यांनी माणसांचं चावणं मोजलं. नुसत्या कच्च्या कंदांच्या तुलनेत, आहारात एक तृतीयांश मांस असेल, ते कापलेलं आणि कंद कुटलेले असतील, तर चावणं 17 टक्के आणि जबड्याचा जोर 26 टक्के कमी लागतो. काडी न पेटवता. दात लहान व्हायला वरवंटाही पुरला असेल की.

स्टार्चला मात्र उष्णता लागतेच, कच्चं ज्वारीचं पीठ फाकून बघा. तेवढं रँगम यांचं मान्य.

मांसवाल्यांनीही लगेच खूश होऊ नये. बार आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये पूर्व आफ्रिकेतली कापल्याच्या खुणांची हाडं पुन्हा मोजली. इरेक्टसनंतर ती वाढलेली दिसतात, कारण त्या काळातले थर जास्त तपासले गेलेत. तो फरक हिशोबात धरला की सततची वाढ उरत नाही.

हे आपल्या दाराशी आहे. नेवाशाजवळ चिरकीला प्रवरेकाठी गुडरून कॉर्व्हिनस यांनी 1960 च्या दशकात खोदलं आणि अश्युलियन दगडी हत्यारं मिळाली. प्रवरा गोदावरीला मिळते, आणि गोदावरी पैठण ओलांडून गेवराईच्या हद्दीला लागते. या काठावर सिनॉप्सिस लिहिणार असाल तर तक्त्यात 'सापडलं नाही' आणि 'शोधलं नाही' असे दोन वेगळे रकाने करा.