अपरात्रीचे चित्रपट आणि मृतांचे सोयरे

रात्रभर जागून खेळ पाहणे आम्हां भंडारा जिल्ह्यातल्या माणसांना नवे नाही. दिवाळी सरून गावोगावी मंडई भरू लागली, की झाडीपट्टीचे नाटक रात्री उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते. त्यात खलनायक असतो, सुरा असतो, प्रसंगी खूनही पडतो. म्हणून कॅनडातील टोरांटो महोत्सवात १९८८ पासून ‘मिडनाइट मॅडनेस’ या विभागात मध्यरात्री आडवळणाचे, रक्तरंजित चित्रपट दाखवले जातात, एवढ्यावरून आम्ही नाक मुरडणार नाही. या विभागात गाजलेले दोन हिंदी चित्रपट आम्ही पाहिले. त्यांतील मृतांसाठी कोणी रडते काय, हा आमचा प्रश्न होता.

वासन बाला यांच्या ‘मर्द को दर्द नहीं होता’ या चित्रपटाने २०१८ साली तेथे प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळवला. नायकाला जन्मतः वेदनेची जाणीव नाही. आजोबा (महेश मांजरेकर) त्याला जपतात, दुखापत झाली की कळवळायचे असते हेही शिकवतात. ही कल्पना विनोदी आहे, तितकीच करुण आहे. सोनसाखळी चोरांमुळे आई गमावलेल्या या मुलाला शरीराची वेदना नाही, पण पोरकेपण आहे. मारामाऱ्यांच्या हौसेत मात्र दिग्दर्शक हे पोरकेपण वारंवार विसरतात. मग आम्हीही नायकासारखेच होतो. घाव दिसतो, दुखत नाही.

निखिल नागेश भट यांचा ‘किल’ तेथे २०२३ साली दाखवला गेला आणि आपल्याकडे ५ जुलै २०२४ रोजी प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्रासह प्रदर्शित झाला. धावत्या गाडीवर दरोडा पडतो, प्रेयसीचा खून होतो आणि नायक, जो कमांडो आहे, सूड घेत सुटतो. कथा एवढीच. परंतु येथील दरोडेखोर एकमेकांचे सोयरे आहेत. एक पडला की भाऊबंद धाय मोकलून रडतात. सोयऱ्यांची प्रेते डब्यात टांगलेली पाहून ते हादरतात, तेव्हा हा नायक रक्षक आहे की राक्षस, असा प्रश्न उभा राहतो. हिंदी पडद्यावर खलनायकाच्या माणसांसाठी सहसा कोणी सुतक पाळत नाही. येथे पाळले जाते. हे या चित्रपटाचे मोठेपण होय. दोष असा, की हा प्रश्न विचारूनही तो मारण्याच्या नव्या तऱ्हांत रमतो. आणि प्रेयसी तर जणू मरण्यापुरतीच कथेत येते.

हा काथ्याकूट आम्हांला का करावासा वाटतो? २९ सप्टेंबर २००६ रोजी आमच्याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे, भोतमांगे या दलित कुटुंबातील चौघांचा जमावाने खून केला. मागे उरले कुटुंबप्रमुख भैयालाल. २०१७ साली निधन होईपर्यंत ते दुःख त्यांनी वाहिले. खऱ्या खुनाला पार्श्वसंगीत नसते, आणि तो दोन तासांत संपत नाही. हे ठाऊक असलेल्या जिल्ह्यातील प्रेक्षकाने पडद्यावरील मरणाकडे बेफिकिरीने पाहू नये.

उपवासकाळात आपण क्रुसाची वाट चालतो. तेथेही चाबूक, खिळे, रक्त आहे. पण वाटेत आई भेटते, रडणाऱ्या स्त्रिया भेटतात. म्हणून त्या रक्ताची करमणूक होत नाही.

आमच्या मते ‘किल’ प्रौढ वाचकांनी अवश्य पाहावा, मुलांना मात्र शेजारी बसवू नये. आणि पाहताना कोणत्या घावाला आपला हात टाळीसाठी उचलला गेला, तेवढे लक्षात ठेवावे. आमचा दोनदा उचलला गेला होता.