मुक्त त्रिपिटक : एक चिकित्सा

आपण धम्म शिकविताना आतला आणि बाहेरचा असा भेद केला नाही, आचार्य काही राखून ठेवतात तशी मूठही झाकली नाही, असे तथागतांनी अखेरच्या दिवसांत आनंदांना सांगितल्याचे महापरिनिब्बान सुत्तात येते. २००२ च्या बुडापेस्ट घोषणेने विद्वत्तेच्या मुक्त प्रवेशाचे जे तत्त्व मांडले, ते म्हणूनच बौद्धांना नवे नाही. ज्यांच्या पूर्वजांना अक्षरच निषिद्ध होते, त्यांना ते समजावून सांगण्याचीही गरज नाही. मात्र उघडलेल्या मुठीतून आपल्या हाती नेमके काय आले, हे तपासणे आम्हांस अगत्याचे वाटते.

रंगून येथे १९५४ ते १९५६ ह्या काळात झालेल्या छट्ठ संगायनेची संहिता इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने नागरीत छापली, संगणकात आणली आणि महाजालावर विनामूल्य ठेवली. पूर्वी भिक्षू जगदीश काश्यपांनी संपादिलेल्या नालंदा आवृत्तीचे ४१ खंड पाहण्यासाठी मोठे ग्रंथालय गाठावे लागे. आज भ्रमणध्वनीवर हवा तो शब्द क्षणात सापडतो. हे ऋण मान्य करूनच दोन उणिवा सांगितल्या पाहिजेत.

पहिली उणीव संहितेची. सिंहली, सयामी, कंबोडियन आणि इंग्लंडातील पाली टेक्स्ट सोसायटीच्या आवृत्त्यांतील पाठभेद तळटीपांत संक्षेपाने दिले आहेत. पण ते पाठ कोणत्या हस्तलिखितांवर उभे आहेत, हे तेथे कळत नाही. जे विनामूल्य मिळते तेच प्रमाण ठरते, आणि एका परंपरेची आवृत्ती नकळत एकमेव बुद्धवचन होऊन बसते. शब्दप्रामाण्य नाकारणाऱ्या धम्माच्या अभ्यासकांनी हे विसरू नये.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. नागरी लिपी म्हणजे मराठी भाषा नव्हे. चुल्लवग्गात ब्राह्मण कुळातील दोन भिक्खू तक्रार करतात की, नाना गोत्रांचे आणि जातींचे भिक्खू आपापल्या बोलीने बुद्धवचन दूषित करतात. ते छंदात घालावे. तथागत त्यांना नकार देतात आणि धम्म ‘सकाय निरुत्तिया’ शिकण्याची अनुज्ञा देतात. बुद्धघोषांनी ह्या पदाचा अर्थ मागधी असा केला. परंतु तक्रारीत हेच पद भिक्खूंच्या आपापल्या बोलीला उद्देशून आले आहे. मग निर्णयात त्याचा अर्थ बदलावा कसा? अनुज्ञा स्वभाषेचीच आहे, असे आमचे मत आहे.

ह्या कसोटीवर दोन उदाहरणे पाहावीत. सुत्तसेंट्रलवर भिक्खू सुजातो ह्यांनी चार निकायांचा इंग्रजी अनुवाद २०१८ मध्ये सर्व हक्क सोडून जगाला दिला. त्यावरून पुढे अनुवाद करण्यास कोणाचीही अनुमती लागत नाही. उलट, बाबासाहेबांनी स्वतः सिद्ध केलेल्या पाली शब्दकोशात मराठी अर्थही आहेत. शासनाने तो १९९८ मध्ये १६ व्या खंडात प्रसिद्ध केला. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मरणोत्तर प्रकाशनाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात. तो हिशेब लावल्यास हा कोश २०५८ अखेरपर्यंत बंधनात राहतो! खंडाच्या छायाप्रती महाजालावर विनामूल्य वाचता येतात, हे खरे. पण वाचण्याची मोकळीक म्हणजे त्यातून नवा कोश घडविण्याचा अधिकार नव्हे.

हा भेद आपल्या समाजाने फार पूर्वी ओळखला आहे. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे खुले केले, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केले. तरी २० मार्च १९२७ पर्यंत ते पाणी अस्पृश्यांच्या ओंजळीत आले नव्हते. खुले असल्याची पाटी आणि ओंजळीतले पाणी ह्यांतील अंतर पायांनीच तोडावे लागले.

२०२४ मध्ये मराठी आणि पाली ह्या दोन्ही भाषांना अभिजात दर्जा मिळाला. त्या गौरवाला अर्थ यावयाचा असेल, तर शासनाने हा कोश शोधता येईल अशा संहितेच्या रूपात, सर्वांना वापरता येईल अशा परवान्याने खुला करावा. आणि आम्ही अभ्यासकांनीही आपले अनुवाद, टिपणे व जुने अंक विहारांच्या कपाटांत ठेवू नयेत. झाकलेली मूठ आपलीही असू शकते.